क्यूचे राष्ट्रीय अभिलेखागार : दीर्घसेवा पदकामागचा सैनिक शोधणाऱ्यांसाठी

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील ब्रिटिश सैनिकाचे ‘दीर्घसेवा व सद्वर्तन पदक’ ज्याने विकत घेतले असेल, किंवा ज्याच्याकडे ते वारशाने आले असेल, त्याने विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर विसंबून न राहता लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागाराची सेवा घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. परंतु तेथे जाण्याचे कारण एक पदक होते, आणि पदकाची ओळख झाल्याखेरीज कागदांचे मोल कळणार नाही, म्हणून आधी पदकाविषयी लिहितो.

चौथ्या विल्यम राजाने १८३० साली हे पदक सुरू केले. तोपर्यंत ब्रिटिश सैन्यात साध्या शिपायाला त्याच्या एकूण नोकरीबद्दल सरकारी पदक मिळण्याची व्यवस्था नव्हती. पदके असत ती लढाईची, आणि १८१५ च्या वॉटर्लूपूर्वी तीदेखील सर्व हुद्द्यांना सरसकट मिळत नसत. या पदकासाठी सुरुवातीला पायदळात २१ आणि घोडदळात २४ वर्षे चांगल्या वर्तनाची नोकरी आवश्यक होती. १८७० साली ती अट सर्वांसाठी १८ वर्षांवर आली. पदक चांदीचे असून त्याचा व्यास ३६ मिलिमीटर आहे. ते हातात घेतल्यावर पहिली नवलाची गोष्ट लक्षात येते ती ही की, व्हिक्टोरिया राणीच्या संपूर्ण कारकिर्दीत या पदकावर राणीचा चेहरा नाही. दर्शनी बाजूवर ध्वज, भाले, तोफा आणि ढोल यांची गर्दी आहे आणि मधोमध राजचिन्हाची ढाल आहे. ही रचना बेनेदेत्तो पिस्त्रुची या इटालियन शिल्पकाराची. इंग्लंडच्या सोन्याच्या सॉव्हरिन नाण्यावरील घोडेस्वार सेंट जॉर्जही त्याचाच. मागील बाजूवर केवळ ‘दीर्घ सेवा आणि सद्वर्तन यांसाठी’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे आहेत. कोणती लढाई, कोणता देश, कोणते साल, काहीच नाही. सैनिकाची जी काही ओळख आहे ती पदकाच्या अरुंद कडेवर : क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण.

संग्राहकांच्या जगात या पदकाला फारशी प्रतिष्ठा नाही. बालाक्लाव्हा (क्रिमियन युद्ध, १८५४) किंवा मैवंद (अफगाणिस्तान, १८८०) या लढायांशी नाते सांगणारी पदके लिलावात मोठमोठ्या किमतींना जातात आणि ‘बराकीत अठरा वर्षे काढल्याचे पदक’ म्हणून याच्याकडे पाहिले जाते. मला हे मूल्यमापन मान्य नाही. लढाईचे पदक एका ठिकाणी हजर असल्याची खूण असते, तर या पदकासाठी माणसाला आपले अर्धे वयात आलेले आयुष्य शिस्तीच्या आणि रोगराईच्या कचाट्यातून सावरून न्यावे लागे. भारतातील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १८६३ साली दिलेल्या अहवालात गोऱ्या सैनिकांचे वार्षिक मृत्युप्रमाण दर हजारी ६९ असे नोंदले होते, आणि त्यातील बहुतेक मृत्यू युद्धाचे नव्हते. ते पटकी, हगवण, ताप आणि यकृताचे विकार यांचे होते. अशा नोकरीत अठरा वर्षे टिकलेला माणूस साधा मानता येत नाही.

माझ्याकडचे पदक १७ व्या लान्सर्स या भालाईत घोडदळातील एका शिपायाचे आहे. त्याचे वंशज आज असतील, म्हणून त्याचे नाव येथे देत नाही. विक्रेत्याचेही नाव देत नाही; त्याच्या सेवेचे परीक्षण करण्याचा येथे हेतू नाही, परंतु त्याने पदकासोबत जे ‘संशोधन’ म्हणून दोन पानी पत्रक दिले होते त्याचा उल्लेख अटळ आहे. त्या पत्रकात म्हटले होते की, हा सैनिक १८५८ साली मध्य भारतात तात्या टोपे यांच्या पाठलागावर होता. मराठी माणसाने असे पत्रक वाचल्यावर पदक खाली ठेवणे कठीण असते. ग्वाल्हेरच्या पाडावानंतर जून १८५८ पासून पुढचे दहा महिने तात्यांनी राजपुताना, माळवा आणि बुंदेलखंड पालथा घालत इंग्रजांच्या अनेक तुकड्यांना झुलवले, नर्मदा ओलांडून ते दक्षिणेकडे उतरले, पुन्हा वर गेले, आणि शेवटी विश्वासघाताने पकडले जाऊन १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे फासावर चढले. त्या पाठलागात १७ वी लान्सर्स खरोखरच होती. बालाक्लाव्हाच्या प्रसिद्ध चढाईत भाग घेतलेली हीच पलटण १८५७ च्या अखेरीस मुंबईत उतरली, खडकीच्या छावणीत तिने घोडे मिळवले व तयार केले आणि तेथून ती मध्य भारतात गेली. पलटणीबद्दल पत्रक खरे बोलत होते. प्रश्न या एका सैनिकाचा होता.

पदकाच्या बाबतीत एक गोष्ट विक्रेत्याला खटकायला हवी होती. त्याने पदकाला लाल रंगाची, दोन्ही कडांना पांढरी पट्टी असलेली फीत लावली होती. पांढऱ्या कडा या पदकाच्या फितीवर पहिल्या महायुद्धाच्या काळात आल्या. व्हिक्टोरियाच्या काळातील फीत सलग किरमिजी रंगाची होती. फीत बदलणे सोपे असते आणि त्यामुळे पदक खोटे ठरत नाही, परंतु ज्याला फितीचा काळ माहीत नाही त्याने लिहिलेले चरित्र तपासून घ्यावे हे बरे. बाकी पदक निर्दोष होते. फीत अडकवण्याची वरची फिरती नक्षीदार पट्टी घट्ट होती, मागील अक्षरे १८७४ नंतर वापरात आलेली लहान वळणाची होती, आणि कडेवरील कोरीव नावाभोवती धातू घासल्याच्या खुणा नव्हत्या. जुने नाव घासून दुसरे कोरलेली पदके बाजारात फिरतात. कड एखाद्या जागी पातळ लागली किंवा पदकाचा व्यास एका दिशेने किंचित कमी भरला, तर थांबावे.

आता अभिलेखागाराकडे येतो. डिस्ट्रिक्ट लाइनच्या क्यू गार्डन्स स्थानकापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इमारत १९७० च्या दशकातील, काँक्रीटची, समोर तळे असलेली. तिच्या दर्शनाने कोणी हरखून जाणार नाही. प्रवेश विनामूल्य आहे. मूळ कागद पाहण्यासाठी वाचक-ओळखपत्र काढावे लागते आणि तेही विनामूल्य मिळते. त्यासाठी नावाचा एक आणि पत्त्याचा एक असे दोन पुरावे लागतात. भारतातून येणाऱ्याने पासपोर्टबरोबर पत्त्याचा कोणता पुरावा चालतो हे संकेतस्थळावर आधीच पाहून घ्यावे, कारण अडण्याची शक्यता असते ती तेथेच. कोट, पिशव्या, शाईची पेने आणि खाद्यपदार्थ खाली लॉकरमध्ये ठेवावे लागतात. वर नेता येते ती पेन्सिल, वही, संगणक आणि कॅमेरा. स्वतःच्या कॅमेऱ्याने कागदांची छायाचित्रे काढण्यास शुल्क नाही, आणि दूरवरून येणाऱ्या माणसासाठी ही सवलत सगळ्यांत मोलाची आहे. कागद सूचीवरून मागवावे लागतात आणि आपल्या आसन-क्रमांकाच्या कपाटात येऊन पडतात.

सूचीची भाषा सुरुवातीला परकी वाटते. लष्करी कागद युद्ध खात्याच्या नावाखाली ‘डब्ल्यूओ’ या अक्षरांनी आणि पुढे मालिकेच्या क्रमांकाने लावले आहेत. व्हिक्टोरियाच्या काळातील शिपायासाठी चार मालिका कामाच्या आहेत आणि त्या कोणत्या क्रमाने पाहाव्यात यावर पुष्कळ श्रम वाचतात किंवा वाया जातात. सुरुवात डब्ल्यूओ ९७ पासून करावी. ही भरतीची आणि सेवामुक्तीची कागदपत्रे आहेत, १७६० पासून १९१३ पर्यंतची. एका महत्त्वाच्या कारणाने दीर्घसेवा पदकाच्या मानकऱ्याला या मालिकेत शोधणे सोपे जाते : १८८३ पूर्वीच्या भागात मुख्यतः तेच सैनिक आहेत ज्यांना चेल्सीच्या रॉयल हॉस्पिटलकडून निवृत्तिवेतन मिळाले. पदक मिळण्याइतकी नोकरी केलेला माणूस बहुधा निवृत्तिवेतनापर्यंत पोहोचतोच. मधेच मेलेले, पळून गेलेले, पैसे भरून नोकरीतून सुटलेले सैनिक त्या भागात सहसा सापडत नाहीत. पहिल्या महायुद्धातील शिपायांच्या सेवापत्रांपैकी निम्म्याहून अधिक कागद १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाले. त्याआधीच्या शतकातील हे कागद मात्र वाचले, हे आपले भाग्य.

डब्ल्यूओ ९७ चे मूळ कागद आता सहसा हाती देत नाहीत, कारण त्यांच्या प्रतिमा एका वंशावळी-संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. घरून पाहायचे तर त्या संकेतस्थळाची वर्गणी भरावी लागते; क्यूच्या इमारतीतील संगणकांवर ते सर्व मोफत पाहता येते. प्रतिमा स्वच्छ आहेत. नावांच्या अनुक्रमणिकेत हस्ताक्षर चुकीचे वाचल्याची उदाहरणे असतात, म्हणून केवळ नावावर न थांबता पलटण आणि पदकाच्या कडेवरील क्रमांक घालून पाहावे. त्या काळी क्रमांक पलटणीपुरता असे, त्यामुळे क्रमांक आणि पलटण जुळली की माणूस जुळला.

माझ्या सैनिकाची चार पाने निघाली, आणि त्या चार पानांनी विक्रेत्याच्या दोन पानांपेक्षा कितीतरी अधिक सांगितले. तो १८५८ च्या वसंतात इंग्लंडमध्ये बारा वर्षांच्या करारावर भरती झाला. व्यवसाय मजूर. उंची, डोळ्यांचा रंग, केसांचा रंग, डाव्या मनगटावरचा व्रण, सगळे लिहिलेले आहे. छायाचित्राच्या आधीच्या काळात पळून गेलेल्या सैनिकाला ओळखण्यासाठी ही वर्णने लिहीत, आणि आज त्याच कारकुनी खबरदारीमुळे त्याचा चेहरा थोडाफार डोळ्यांपुढे उभा राहतो. भरतीच्या कागदावर सहीच्या जागी फुली आहे. सेवामुक्तीच्या कागदावर, २१ वर्षांनंतर, त्याची अक्षरे सुटी सुटी लिहिलेली सही आहे, आणि शिक्षणाच्या रकान्यात सैन्यशाळेच्या तिसऱ्या श्रेणीच्या प्रमाणपत्राचा उल्लेख आहे. ब्रिटिश पलटणींबरोबर शाळामास्तर असत, हे मला माहीत होते. एका माणसाच्या दोन सह्यांमधून ते दिसले तेव्हा त्याचा अर्थ कळला.

परदेशातील नोकरीच्या रकान्यात भारतातील मुदत साडेपाच वर्षांच्या आसपास दिलेली आहे. १७ वी लान्सर्स १८६५ साली इंग्लंडला परतली. तेथून मागे मोजत गेले तर हा सैनिक १८५९ च्या उत्तरार्धात भारतात आला असला पाहिजे, म्हणजे तात्या टोपे यांना फाशी झाल्यानंतर. पलटणीतील मृत आणि आजारी सैनिकांच्या जागा भरण्यासाठी इंग्लंडहून वेळोवेळी नव्या भरतीच्या तुकड्या येत. तो अशाच एका तुकडीतून आला. विक्रेत्याने पलटणीचा इतिहास वाचला आणि तो सबंध इतिहास एका शिपायाच्या अंगावर चढवला. पदकबाजारात ही पद्धत फार रुळलेली आहे आणि ती मला गंभीर वाटते, कारण तिच्यामुळे ज्याने जे केले नाही ते त्याच्या नावावर चढते आणि त्याने खरोखर जे केले ते झाकले जाते.

खात्रीसाठी पुढची मालिका पाहिली : डब्ल्यूओ १००, मोहिमांच्या पदकांच्या याद्या. १८५७-५८ च्या उठावाबद्दल देण्यात आलेल्या पदकाच्या यादीत १७ व्या लान्सर्सच्या पानांवर, ‘मध्य भारत’ ही पट्टी (फितीवर लावायची, मोहिमेचे नाव असलेली धातूची पट्टी) मिळालेल्यांमध्ये किंवा इतरत्र, त्याचे नाव नाही. सेवामुक्तीच्या कागदावरही मोहिमेच्या पदकाचा उल्लेख नाही. असता तर तेथे नक्की लिहिला गेला असता. म्हणजे या माणसाला आयुष्यात एकच पदक मिळाले आणि ते माझ्याकडे आहे. विक्रेत्याने त्याची ‘बाकीची पदके गहाळ’ म्हटले होते. काहीही गहाळ झालेले नव्हते.

आता त्या पदकावरील ‘सद्वर्तन’ या शब्दाकडे येतो, कारण क्यूच्या कागदांनी सर्वांत अधिक प्रकाश टाकला तो त्यावर. १८३६ पासून ब्रिटिश सैन्यात सद्वर्तनाचे पट्टे आणि त्यांच्याबरोबर वाढीव पगार अशी पद्धत होती : ठरावीक वर्षे नाव कसूर-वहीत (शिस्तभंगाच्या नोंदींच्या वहीत) न चढता काढली की बाहीवर एक पट्टा आणि रोजच्या पगारात एका पेनीची भर. कसूर झाली की पट्टा आणि पेनी दोन्ही जात. वर्तन सुधारले की परत मिळत. पट्ट्यांचा उपयोग केवळ पैशापुरता नव्हता. पलटणीच्या परवानगीने लग्न करायचे झाले तर तेथेही नोकरीची वर्षे आणि पट्टे पाहिले जात. सेवामुक्तीच्या कागदात पगाराचा हा सगळा चढउतार तारखांसह उतरलेला असतो. माझ्या सैनिकाला पहिला पट्टा वेळेवर मिळाला. पलटण सिकंदराबादला असताना तो काढून घेतला गेला. पुढे परत मिळाला, आयर्लंडमध्ये पुन्हा गेला, पुन्हा मिळाला. कसूर-वहीत त्याचे नाव अनेकदा चढले होते, परंतु कोर्ट मार्शलपुढे तो एकदाही उभा राहिला नाही. सेवामुक्तीच्या वेळी मंडळाने लिहिलेला शेरा ‘फार चांगले वर्तन’ असा आहे आणि त्याच्या बाहीवर तेव्हा चार पट्टे होते.

या नोंदी वाचताना पदकाचा मान मला कमी झाल्यासारखा वाटला नाही, तो वाढला. सिकंदराबादच्या छावणीतील उन्हाळा, बराकीतील सक्तीचा रिकामा वेळ आणि कँटीनमधील दारू यांच्यामध्ये तरुण पोराचा पाय घसरणे यात नवल काय? घसरल्यावर पुन्हा वर्षे मोजायला सुरुवात करणे, आणि तेही दोनदा, ही गोष्ट पदकावर कोठेही लिहिलेली नाही. केवळ पदक पाहून आपण एका आज्ञाधारक, निर्दोष, थोड्या कंटाळवाण्या शिपायाची कल्पना करतो. कागद पाहून एका माणसाची करतो.

तिसरी मालिका डब्ल्यूओ १०२. या दीर्घसेवा पदकांच्या सरकारी नोंदवह्या आहेत. पदक खरे आहे का, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते, आणि ज्याला एकच कागद पाहायचा असेल त्याने हाच पाहावा. माझ्या सैनिकाची नोंद १८७८ सालची निघाली. नोकरीची १८ वर्षे १८७६ मध्ये पूर्ण झाली होती. मधल्या दोन वर्षांचे कारण नोंदवहीत दिलेले नाही, परंतु पट्ट्यांच्या इतिहासाशी ते ताडून पाहणाऱ्याला तर्क करता येतो. पुढच्याच वर्षी, म्हणजे पलटण झुलू युद्धासाठी दक्षिण आफ्रिकेला गेली त्या १८७९ मध्ये, तो २१ वर्षे पुरी करून निवृत्त झाला. उलुंडीच्या लढाईत १७ वी लान्सर्स भाले रोखून धावली तेव्हा तिच्यात तो नव्हता. विक्रेत्याने त्याला तेथे नेले नाही याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत.

चौथी मालिका म्हणजे हजेरीपट आणि पगारपत्रके, डब्ल्यूओ १२ आणि १८७८ नंतर डब्ल्यूओ १६. हे मोठाले बांधीव खंड आहेत, मूळ स्वरूपात मेजावर येतात, आणि अभिलेखागारातील खरा आनंद येथे आहे. दर तिमाहीला पलटणीतील प्रत्येक माणसाचे नाव, तो हजर होता का, रुग्णालयात होता का, कोठडीत होता का, रजेवर होता का, आणि पलटण कोठे मुक्कामाला होती, हे सर्व ओळीने लिहिलेले आहे. काम संथ आहे. नावे हुद्द्याप्रमाणे असतात, हस्ताक्षर प्रत्येक कारकुनाचे वेगळे, आणि पानांचा आकार असा की उभे राहून वाचावे लागते. परंतु पट्टा गेल्याच्या तिमाहीत त्याच्या नावापुढे कोठडीचे दिवस दिसतात, आणि त्याच्या आधीच्या तिमाहीत रुग्णालयाचे. कारण आणि परिणाम असे थेट जोडणे बरोबर नाही, हे मी जाणतो. तरी दोन्ही ओळी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय राहवत नाही. त्याच खंडांत त्याच्याबरोबर आलेल्या तुकडीतील इतरांची नावेही आहेत, आणि काहींच्या नावांपुढे मृत्यूची तारीख लिहून रेघ ओढलेली आहे. त्यांची सेवापत्रे डब्ल्यूओ ९७ मध्ये नाहीत. त्यांच्याबद्दल अधिक शोधायचे तर ब्रिटिश लायब्ररीत जावे लागते. मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांतील चर्चच्या दफननोंदी तेथील भारत कार्यालयाच्या (लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या जुन्या सरकारी खात्याच्या) संग्रहात आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या सैनिकांचे कागदही तेथेच आहेत, क्यूमध्ये नाहीत. खडकी, पुणे, अहमदनगर किंवा कामठी येथील जुन्या गोऱ्या कबरींवरील नावांचा माग काढू पाहणाऱ्यांनी ही विभागणी लक्षात ठेवावी.

येथे एक गोष्ट आपल्या वाचकांसाठी स्पष्टपणे सांगणे भाग आहे. या सेवेचा लाभ हिंदी शिपायाच्या वंशजाला जवळजवळ नाही. कोकणातील, साताऱ्याकडील, पुणे-नगर भागातील कितीतरी घरांतील पणजोबा-खापरपणजोबा मुंबई इलाख्याच्या सैन्यात सुभेदार, हवालदार, शिपाई होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ याच सैन्यात सुभेदार होते आणि सैन्यशाळेत मुख्याध्यापक होते. हिंदी सैनिकांसाठी दीर्घसेवा पदक सुरू झाले ते १८८८ साली, गोऱ्या सैनिकांच्या पदकानंतर ५८ वर्षांनी. त्यावर मात्र राणीची मुद्रा आणि ‘कैसर-ए-हिंद’ हा किताब आहे आणि मागील बाजूवर कमळे आहेत. ते पदक एखाद्या घरात असेल तर ते फार जपून ठेवावे, कारण त्यामागचा माणूस शोधण्यासाठी डब्ल्यूओ ९७ सारखी मालिका क्यूमध्ये नाही. एका गोऱ्या मजुराच्या मनगटावरचा व्रणसुद्धा लिहून ठेवणारी ही व्यवस्था त्याच छावणीतील हिंदी हवालदाराबद्दल येथे गप्प आहे. हा अभिलेखागारातील आजच्या कर्मचाऱ्यांचा दोष नाही. युद्ध खाते आणि हिंदी सैन्य ही दोन वेगळी खाती होती आणि कागद आपापल्या खात्याच्या वाटेने गेले. तरीही ज्याला तेथे आपले पूर्वज शोधायचे आहेत त्याने लंडनपर्यंतचे भाडे खर्च करण्याआधी हे जाणून घेतलेले बरे, आणि मला स्वतःला ही उणीव प्रत्येक खंड उघडताना टोचत राहिली.

कर्मचाऱ्यांविषयी चांगलेच लिहावे लागेल. चौकशीच्या मेजावरील माणसे लष्करी कागदांची जाणकार आहेत, प्रश्न नीट ऐकून घेतात आणि उत्तर देताना मालिकेचा क्रमांक सांगून थांबत नाहीत, तर त्या मालिकेत काय सापडणार नाही हेही सांगतात. दख्खनची छावणी ‘सिकंदराबाद’ आणि १८५७ च्या लढाईतील लखनौचा ‘सिकंदरबाग’ यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. वाचनकक्ष शांत आहे, प्रकाश उत्तम आहे, जाड खंडांसाठी फोमचे उतार आणि पाने धरून ठेवण्यासाठी मण्यांच्या माळा मिळतात. खाली उपाहारगृह आहे. डबा नेला तरी बसून खाण्यास जागा मिळते.

उणिवा सांगायच्या तर त्या मुख्यतः वेळेच्या आहेत. वाचनकक्ष रविवारी आणि सोमवारी बंद असतो. भारतातून थोड्या दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याचा सोमवार त्यामुळे हमखास वाया जातो. सूचीतील वर्णने हजेरीपटांच्या बाबतीत अगदी त्रोटक आहेत : पलटण आणि साल, बस. नावाने शोध तेथे चालत नाही, त्यामुळे आपला सैनिक कोणत्या काळात कोणत्या पलटणीत होता हे आधी ठाऊक असल्याशिवाय त्या खंडांना हात लावण्यात अर्थ नाही. आणखी एक अडचण अशी की डब्ल्यूओ ९७ च्या प्रतिमा खाजगी संकेतस्थळावर गेल्यामुळे सार्वजनिक कागद घरून पाहण्यासाठी खाजगी वर्गणी भरावी लागते. कागद टिकवण्याच्या दृष्टीने प्रतिमा करणे योग्यच आहे, परंतु ही व्यवस्था मला पटत नाही.

जे क्यूला जाऊ शकत नाहीत त्यांनी पुण्या-मुंबईत बसून काय करावे? एक महिन्याची वर्गणी घेऊन सेवापत्र आधी स्वतः पाहावे. मोहिमांच्या पदकांच्या याद्याही वंशावळी-संकेतस्थळांवर आहेत. दीर्घसेवा पदकाच्या नोंदवहीतील एखादे पान हवे असेल तर अभिलेखागाराकडे शुल्क भरून प्रत मागवता येते, मात्र आधी पान शोधण्याचे शुल्क आणि मग प्रतीचे शुल्क असे दोन टप्प्यांत पैसे द्यावे लागतात, म्हणून मालिका, पलटण, क्रमांक आणि साल हे चारही तपशील विनंतीत अचूक द्यावेत. हजेरीपटांसाठी मात्र प्रती मागवण्याच्या भानगडीत पडू नये. वर्षाला चार तिमाह्या आणि प्रत्येकीची अनेक पाने असा तो खर्च पदकाच्या किमतीच्या पुढे सहज जातो. त्यासाठी लंडनमधला एखादा ओळखीचा विद्यार्थी गाठावा, त्याला ओळखपत्र काढायला सांगावे, खंडांचे क्रमांक लिहून द्यावेत आणि पट्टा गेल्याच्या व परत मिळाल्याच्या तिमाह्यांची छायाचित्रे तेवढी आधी मागवावीत.